सात म्हणजे आणि

दुपारी लाइन गेली की पुतणी लॅपटॉप घेऊन ओट्यावर येते. कडुनिंबाखालीच तेवढी रेंज असते. परवा तिथूनच ओरडली, "मोठेबाबा, ओळीच्या मधात हा सात काय करून रायला?"

मला वाटलं हिशोबाची वही असेल. पाहतो तर इंग्रजांची पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची पोथी. जगभरची हौशी माणसं घरबसल्या अशी पानं वाचायला शिकतात आणि टाइप करून देतात म्हणे, तेही फुकट. नागपूरला कॉलेजात हिला हा नाद लागला. एकच ओळ चार-पाच जण उतरवतात, मग ताडून पाहतात. थोड्या वेळानं तिनंच शोधून काढलं. तो सात म्हणजे 'आणि'. अक्षरावर आडवी रेघ असली, की पुढचा म किंवा न गिळलेला. "अवं, हा तर आपला अनुस्वारच!" मी म्हणालो. 'मिनिमम' शब्द त्या वळणात नुसत्या 15 उभ्या काड्यांचा. कोणती काडी कोणत्या अक्षराची, ते तुम्ही ठरवा. आमचे आजोबा मोडी लिहायचे. तिथंही शब्दाला शब्द चिकटलेला आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही.

माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. एका पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, आणि नियम असा, की आहे तसं उतरवायचं. सुधारायचं नाही. जन्मभर लाल शाईत बोटं बुडवलेल्या मास्तरला हे सांगायचं! मी लग्नपत्रिकासुद्धा पेन घेऊन वाचतो. 'क्रुषी सेवा केंद्र' अशी पाटी असलेल्या दुकानातून बियाणं घ्यायचं माझ्या जिवावर येतं.

आमच्या शेजारी एक बुढी राहायची. पोरगा नागपूरला मिलमध्ये. मी सातवीत, अक्षर बरं, म्हणून 15 पैशांचं कार्ड घेऊन ती माझ्याकडं यायची. चुलीपुढं बसून सांगायची, "लिव बापू. गोऱ्हं मेलं. तूर बरी हाये. तुले जमलं तं ये, नाही जमलं तरी ये." मी लिहायचो, "येथील सर्व क्षेम. सवड काढून अवश्य यावे." गोऱ्ह्याचं तर लिहिलंच नाही, पत्रात अशुभ कशाला, असं शाळेत शिकवलेलं. दिवाळीला पोरगा आला आणि गोठा रिकामा पाहून मटकन बसला. मला मात्र तो काही बोलला नाही. बुढी म्हणाली, "पोट्ट्यानं लिवलं नसन."

रिद्धपूर आमच्यापासून काही लांब नाही. तिथंच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून विचारून लिहिल्या. अख्खं लीळाचरित्र. मला एक कार्ड झालं नाही.

ती कार्डं आता कुठं असणार? बुढीच्या तोंडचं जे वर लिहिलं, तेही मला आठवतं तेवढंच. गोऱ्ह्यानंतर ती आणखी काहीतरी बोलली होती. चुलीत फुंकणी मारता मारता बोलली होती.

"मोठेबाबा, इथली शाई पुसली. मागचं-पुढचं पाहून अंदाजानं भरू का?"

"नको," मी म्हणालो. "जागा सोड."