बागुलबुवाला तोंड द्यायचं की नाही

"त्या मेल्याला कुणी बघितलंय!" आजीचं एवढंच उत्तर. बागुलबुवावर स्टॉप-मोशन फिल्म करायची होती, म्हणजे बाहुला जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. तो दिसतो कसा हे विचारायला मी मुद्दाम वाईला गेलो होतो, आणि परतलो तो फक्त एक झोळी घेऊन. न झोपणाऱ्या पोरांना तो झोळीत घालून नेतो. कुठे नेतो, ते आमच्या घरात कधी कुणी सांगितलंच नाही.

जर्मन लोकांनी मात्र सगळं सांगून ठेवलंय. होफमान या लेखकाच्या १८१६च्या गोष्टीतला सँडमॅन, म्हणजे वाळूवाला, जाग्या मुलांच्या डोळ्यांत वाळू फेकतो. डोळे रक्तबंबाळ होऊन बाहेर पडले की ते पोत्यात भरून चंद्रावर नेतो, पिल्लांना खायला. पिल्लांच्या चोची घुबडासारख्या वाकड्या! या सँडमॅनवरची पॉल बेरीची १९९१ची स्टॉप-मोशन फिल्म ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. गंमत म्हणजे पूर्व जर्मनीच्या टीव्हीने १९५९ साली याच बाबाला दाढीवाला गोड बाहुला करून रोज संध्याकाळी मुलांसमोर आणलं. म्हणजे एकाच माणसाची दोन तोंडं. माझ्याकडे एकही नाही.

मातीची सात तोंडं केली. दात काढले की विनोदी, डोळे मोठे केले की बिचारा. शेवटी ठरवलं, तोंड नाहीच. पाठ, पाय आणि झोळी.

फिल्म २ मिनिटं ४० सेकंदांची. सेकंदाला १२ फोटो धरले तर १९२०. दोन फोटोंच्या मधे बाहुली केसभर हलवायची. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत खिडकीला काळं कापड ठोकलं. पहिल्या आठवड्याचं काम बघितलं तर उजेड नुसता लुकलुकतोय. कॅमेरा मॅन्युअलवर होता, तरी लेन्सचं छिद्र दर फोटोला किंचित कमीजास्त उघडत होतं. लेन्स जरा सैल फिरवली, कॅमेऱ्याशी तिचा संपर्क तुटला आणि ते थांबलं. मग उरलं काय, तर माझा पांढरा शर्ट. मी जरा सरकलो की भिंतीवर त्याचा उजेड पडायचा. पुढचा दीड महिना काळ्या टी-शर्टात काढला. शेजारच्या काकूंनी एकदा हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना?

खरा छळ झोळीचा. आजोबांच्या जुन्या धोतराचं कापड होतं. प्रत्येक फोटोला माझं बोट लागायचं, चुणी बदलायची, आणि पडद्यावर झोळी उकळल्यासारखी खदखदायची. आतून तारेची जाळी घातली, वरून फेविकॉलचं पाणी मारलं. झोळी शांत झाली, पण इतकी शांत की आत पोर आहे हे खरंच वाटेना. मग एकाच शॉटसाठी दुसरी, कोरी झोळी शिवली आणि मुद्दाम वाटेल तिथे बोट लावलं. तो शॉट सहा सेकंदांचा आहे. रात्री एकट्याने मीही तो शॉट आवाज बंद करून बघतो.

मधेच बाहुल्याच्या घोट्यातली तार तुटली, जोडली, पुन्हा तुटली. ते सोडा.

आजीला लॅपटॉपवर दाखवली. चष्मा वर करून शेवटपर्यंत बघितली, बोलली काहीच नाही. मी लॅपटॉप मिटायला लागलो तशी म्हणाली, "एवढा उंच नसतो रे तो."