उद्याच्या पालकसभेत सहावीबद्दल सांगायचं ते

रविवार, रात्र

उद्या पालकसभा. वर्गातली बहुतेक मुलं शेतकरी आणि मजुरी करणाऱ्या घरांतली आहेत. पालक तास-दीड तास काढून येणार, त्यातला अर्धा वेळ बसायला-उठायला जातो. म्हणून काय सांगायचं आणि काय गाळायचं, ते आजच लिहून ठेवते.

पहिलं हे की सहावी म्हणजे पाचवीचं पुढचं पान नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा. पहिल्या टप्प्यात वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असतं. दुसऱ्यात २२० दिवस आणि १,००० तास. पोषण आहारातला तांदूळसुद्धा १०० ग्रॅमवरून १५० ग्रॅम होतो, कारण या वयात भूक वाढते. पण मुलाला खरा जाणवतो तो बदल वेगळाच. आतापर्यंत एकच गुरुजी किंवा बाई दिवसभर वर्गात असत. आता गणित-विज्ञानाला एक, भाषेला दुसरे, समाजशास्त्राला तिसरे. पोरगं दोन दिवस गप्प आहे, वही अपुरी आहे, डबा तसाच परत नेतंय, हे सगळं एकाच्या नजरेत येत नाही. ते घरातल्या कुणाच्या तरी नजरेत यायला हवं.

वेळापत्रक घरात दाराजवळ चिकटवायचं आणि दप्तर रात्रीच भरायचं. सकाळी घाईत मूल सगळीच पुस्तकं कोंबतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. ३० किलोच्या मुलाला ३ किलो, पाण्याच्या बाटलीसकट. धान्याच्या काट्यावर एकदा तोलून पाहा म्हणावं, पुष्कळांचं पाचाच्या वर निघेल.

पुस्तकांचं एक. २०१६ साली आलेली सहावीची पुस्तकं आपल्याला पाठ झाली आहेत, पण नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं बदलतो आहे. मोठ्या बहिणीचं जुनं पुस्तक चालेल का, हे आधी शाळेत दाखवून मगच वापरावं. पाठ पुढेमागे होतील, पण या वयात जे यायला हवं ते फारसं हलत नाही.

गणितावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण सहावीत मूल मागे पडतं ते इथेच. पहिल्या सत्रात कोन, पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश, विभाज्यता, मसावि-लसावि. दुसऱ्या सत्रात समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज, मग त्रिकोण-चौकोन आणि रचना. यातलं दुसऱ्या सत्राचं गणित सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. अपूर्णांक कच्चा असेल तर गुणोत्तर कळत नाही, गुणोत्तर नसेल तर शेकडेवारी म्हणजे नुसतं सूत्र, आणि शेकडेवारी नसेल तर व्याजाचं गणित घोकंपट्टीवर सुटतं नाहीतर सुटतच नाही.

दशांशातली चूक कापसाच्या पावतीवर दाखवायची. पावतीवर ३.५ क्विंटल लिहिलेलं असतं. बापाला ते साडेतीन आहे हे झोपेतही कळतं. मूल मात्र वाचतं, तीन क्विंटल पाच किलो. कारण त्याला टिंबाच्या पुढचा ५ म्हणजे सुटे पाच वाटतात. तीन क्विंटल पाच किलो लिहायचं तर ३.०५ लिहावं लागतं. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर ३.५ चे २४,५०० होतात आणि ३.०५ चे २१,३५०. फरक ३,१५० रुपयांचा. हाच गोंधळ ०.४ आणि ०.३५ मध्ये: ३५ हा ४ पेक्षा मोठा म्हणून मूल ०.३५ मोठा ठरवतं. क्विंटलमध्ये घेतलं की एक ४० किलो आणि दुसरा ३५ किलो, वाद मिटला. घरातल्या सगळ्या पावत्या, वीजबिल, खताच्या गोणीवरचं वजन मुलाला मोठ्यानं वाचायला लावा, एवढं सांगायचं. शिकवू नका, फक्त ऐका. "साडेतीन" ऐवजी "तीन आणि पाच किलो" ऐकू आलं की दुसऱ्या दिवशी वहीत तशी चिठ्ठी ठेवून पाठवा.

अपूर्णांकांच्या बेरजेत दरवर्षी तीच चूक होते. १/२ आणि १/३ मिळवून मूल २/५ लिहितं, म्हणजे वरचे वर मिळवले आणि खालचे खाली. हे पाहायला गुंठे बरे. एकराचे ४० गुंठे. अर्ध्या एकरात कपाशी म्हणजे २० गुंठे. त्यात तिसऱ्या हिश्श्याचा मका मिळवला आणि उत्तर आलं २/५ एकर, म्हणजे १६ गुंठे. मका लावला आणि वावर कमी झालं? ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही तो आबासुद्धा हा प्रश्न विचारू शकतो. बरोबर उत्तर ५/६, सुमारे ३३ गुंठे. उत्तर व्यवहारात बसतं का हे पाहायची सवय लागली तर निम्म्या चुका मूल स्वतः पकडतं. उत्तर लिहून पुढच्या गणिताकडे पळणं हीच सहावीतली मोठी खोड आहे.

नफा-तोट्यातही तसंच. १,२०० रुपयांची भाजी घेतली, हमाली ५०, रिक्षा १५०, विकली १,६१० ला. मूल १,६१० मधून १,२०० वजा करतं आणि ४१० नफा लिहितं. खरेदी किंमत १,४०० आहे, नफा २१०, शेकडा १५. आठवडे बाजारात बसणाऱ्या ताईंना हे उदाहरण माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल. उद्या त्यांनाच विचारायचं.

कंपासपेटी घेताना स्क्रू घट्ट आहे ना ते दुकानातच पाहावं. सैल कंपासनं वर्तुळ फिरत जाताना मोठं होतं आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाईट. पेन्सिल आखूड आणि टोकदार असावी. कोनमापकावर दोन ओळी असतात, एक डावीकडून मोजणारी आणि एक उजवीकडून, म्हणून ६० अंशांचा कोन १२० वाचला जातो. कोनाची जी भुजा आधाररेषेवर आहे, तिच्यावर ० कोणत्या ओळीचा येतो ते पाहायचं आणि तीच ओळ वाचत जायचं. आणि लघुकोन आहे की विशालकोन हे मोजण्याआधी डोळ्यांनी ठरवायचं.

आता भाषा. आपल्याकडे खानदेशात घरात अहिराणी, कुठे लेवा बोली, सातपुड्याच्या अंगाला भिलोरी आणि पावरी. मुलाच्या वहीत शाया, फया, डोया असं येतं, कारण बोलताना ळ चा य होतो. निबंधात "मना गाव" आणि "घरमा" येतं. हा मुलाचा आळस नाही. ज्या बोलीत ते विचार करतं, तिचे नियम ते इमानदारीनं पाळतं. काही पालक यावर उपाय म्हणून घरी अहिराणी बंद करतात. तसं करू नका, हे मला उद्या ठासून सांगायचं आहे. मूल घरात बोलेनासं होतं आणि प्रमाण मराठीही येत नाही. वर्गात आम्ही दोन रकाने करतो: डावीकडे घरचं वाक्य, उजवीकडे पुस्तकातलं. मना आंबा, माझा आंबा. घरमा कोणी नाही, घरात कोणी नाही. दोन्ही बरोबर, जागा वेगळी. घरून हवं ते एवढंच की रोज दहा मिनिटं मुलानं मोठ्यानं वाचावं, काहीही, वर्तमानपत्राचं पानसुद्धा चालेल. ळ वाचताना जीभ मागे वळते की नाही हे कानाला कळतं. इंग्रजीला चाररेघी वही घ्यावी आणि स्पेलिंगं पाठ करण्यापेक्षा शब्द वाक्यात वापरावा, बाकीचं आम्ही पाहू.

विज्ञानाच्या २०१६ च्या पुस्तकात सोळा पाठ आहेत. घरात कात्री, अडकित्ता आणि चिमटा आहेत ना? तिन्ही तरफा आहेत, पण मध्ये येतं ते वेगळं: कात्रीत टेकू, अडकित्त्यात भार, चिमट्यात बल. मुलानं ते शोधून काढलं तर साधी यंत्रे हा पाठ अर्धा झाला.

इतिहास प्राचीन भारताचा आहे, हडप्पा ते मौर्य आणि पुढे. मुलांना तो लांबचा वाटतो. पण नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या प्रकाशाला उत्खननात ताम्रपाषाण काळाचे अवशेष मिळाले आहेत. चाळीसगावच्या बाजूनं पितळखोऱ्याची लेणी जवळ पडतात, जळगावहून अजिंठाही एका दिवसात होतो. इतिहासाची साधनं शिकताना मौखिक साधनं येतात. कानबाई देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, जात्यावरच्या ओव्या आजीकडून उतरवून आणायला सांगणार आहोत. आजीनं मुलाला वेळ द्यावा, मुलानं आजीचा शब्द न बदलता लिहावा.

भूगोलात अक्षवृत्तं-रेखावृत्तं आहेत. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षवृत्तावर येतं, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या अखेरच्या आठवड्यात एका दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरी वेळ जुलैच्या मध्याला, तेव्हा बहुधा ढग असतात. वावरातला काळा दगड बेसाल्ट आहे. गोदावरी पूर्वेला जाते, तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद आहे. घरपट्टीची पावती मुलाला दाखवा आणि ग्रामसभेला एकदा सोबत न्या, फार तर मागे उभं राहील.

आता गुणांचं, कारण पहिला प्रश्न तोच येणार. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला दर सत्राला प्रत्येक लेखी विषयात ५० गुण आकारिक आणि ५० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. संकलितमध्ये ४० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आकारिक म्हणजे वर्गातलं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. म्हणजे निम्मे गुण परीक्षेच्या आठवड्याबाहेरचे आहेत. दुकानातून आणलेलं थर्माकोलचं तयार मॉडेल आम्ही बाजूला ठेवतो आणि मुलाला दोन प्रश्न विचारतो. उत्तर येत नसेल तर मॉडेलचा उपयोग नाही. पैसे घालवू नका.

सहावीत कोणाला मागच्या वर्गात ठेवत नाहीत. म्हणून "पास होणारच आहे" असं म्हणून सोडून देणारे पालक असतात. वार्षिक परीक्षा आणि मागे राहण्याची शक्यता आठवीत समोर येते, आणि आठवीला जे अडतं ते बहुतेक सहावीचं राहिलेलं असतं. प्रगतिपत्रकात ड श्रेणी म्हणजे ३३ ते ४० टक्के. त्याखाली असेल तर जादा मार्गदर्शन शाळेनं द्यायचं असतं. ते मागून घ्या, लाजू नका.

हजेरी. इथे मी आवाज चढवणार नाही, पण स्पष्ट बोलणार. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते, मजूर मिळत नाही, घरातलं पोर वावरात जातं. अडचण खरी आहे. पण दिवाळीनंतरच गुणोत्तर आणि शेकडेवारी सुरू होते. त्या तीन आठवड्यांत गैरहजर असलेलं मूल मार्चपर्यंत चाचपडतं. न्यायचंच असेल तर रविवारी न्या, शाळा सुटल्यावर न्या, आणि पाठोपाठ दोन दिवस तरी बुडवू नका. आठवडे बाजाराच्या दिवसाचंही तसंच: दर बाजाराला एक दिवस म्हटलं तरी वर्षाचे तीस-पस्तीस दिवस जातात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांशी सभा संपल्यावर वेगळं बोलायचं. मूल आजी-आजोबांकडे राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाची किंवा जेवणाची सोय होते का ते आताच पाहावं लागेल. सोबत न्यायचंच असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जावं. त्यावर मूल कुठपर्यंत शिकलं आहे याची नोंद असते आणि कारखान्याजवळची शाळा त्यावर त्याला बसवून घेते. रात्री ट्रक भरून निघालात तर ते होत नाही. निदान आठ दिवस आधी सांगा.

अकरा-बारा वर्षांच्या मुलींची पाळी याच वर्षी सुरू होऊ शकते. आयांना बाजूला घेऊन सांगायचं: दप्तरात एक पॅड आणि जुनं वर्तमानपत्र कायम ठेवा, शाळेतही बाईंकडे असतात. मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही आणि दर महिन्याला तीन दिवस शाळा बुडणार नाही.

घरचा अभ्यास रोज पाऊण तास पुरे. मोबाइलवर उत्तरं शोधून उतरवलेला स्वाध्याय ओळखू येतो, कारण त्यातला एकही शब्द मुलाच्या तोंडी नसतो. त्यापेक्षा अर्धवट पण स्वतःचा चालेल. वह्या शनिवारी पाहायच्या. वाचता येत नसेल तरी पानं मोजा, तारखा सलग आहेत का पाहा, लाल शेऱ्याखाली मुलानं दुरुस्ती केली आहे का पाहा. दुरुस्ती नसेल तर तिथे सही करू नका.

उद्या न्यायचं: वेळापत्रकाच्या प्रती, जुनी कापसाची पावती मोठी करून, कोनमापक, नमुन्याची वही, ऊसतोडीच्या घरांची यादी. खुर्च्या कमी आहेत, सतरंजी लागेल.