तुम्ही विचारलंत म्हणून: जावात सेव्ह केलं की लगेच का दिसत नाही?

"सर, एक ओळ बदलली का पुरा सर्व्हर बंद करा, मंग चालू करा. पीएचपीवाल्याचं सेव्ह केलं का दिसते. आपलंच असं काहून?" यवतमाळ-वाशीम पट्ट्यात घरी बसून स्प्रिंग बूट (जावात वेब अ‍ॅप बांधायची तयार चौकट) शिकणारी पोरं हे नेहमी विचारतात. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: "डेव्हटूल्स टाकलं, तरी काहीच होत नाही."

डेव्हटूल्स म्हणजे कोड बदलला की अ‍ॅप आपोआप रीस्टार्ट करणारी स्प्रिंग बूटची सोय. त्या बिचाऱ्याचा यात सहसा दोष नसतो. चालू प्रोग्रामला तुमची जावा फाईल दिसतच नाही, त्याला लागते तिच्यापासून कंपाइल होऊन (म्हणजे जावाला चालवता येईल अशा रूपात) बनलेली क्लास फाईल. डेव्हटूल्स लक्ष ठेवतं ते प्रोजेक्टच्या 'टार्गेट' फोल्डरमधल्या 'क्लासेस' फोल्डरवर. तेव्हा सेव्ह करा, तो फोल्डर उघडा आणि क्लास फाईलची वेळ बघा. वेळ जुनीच असेल, तर कंपाइलच झालेलं नाही.

आता कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे आयडीईचं बघा. एक्लिप्समध्ये प्रोजेक्ट मेनूत 'बिल्ड ऑटोमॅटिकली'वर टिक असली की झालं. इंटेलिजेमध्ये दोन टिका लागतात: कंपायलर सेटिंगमध्ये 'बिल्ड प्रोजेक्ट ऑटोमॅटिकली', आणि अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये अ‍ॅप चालू असतानाही ऑटो-मेक (आपोआप कंपाइल) होऊ द्यायची. दुसरी हमखास राहते. प्रोजेक्ट ग्रेडल या बिल्डच्या साधनाचा असेल, तर 'बिल्ड अँड रन' ग्रेडलकडून काढून इंटेलिजेकडे द्या, नाहीतर दोन्ही टिका असून उपयोग नाही. रॅम ४ जीबी असेल तर इंटेलिजेच्या नादी लागू नका. एक्लिप्स किंवा व्हीएस कोड बरा.

आता डेव्हटूल्स करतं काय? ते दोन क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारे) ठेवतं. बाहेरून आणलेल्या जार (तयार क्लासांचे गठ्ठे) एकात, तुमचा कोड दुसऱ्यात. बदल दिसला की दुसरा फेकून नवा बनवतं. जार परत लोड होत नाहीत, म्हणून हे रीस्टार्ट पूर्ण बंद-चालूपेक्षा लवकर उरकतं. पण रीस्टार्ट ते रीस्टार्टच. मेमरीतल्या एचटू डेटाबेसमध्ये भरलेला डेटा दरवेळी जातो. एचटू फाईलवर ठेवा, म्हणजे तीच तीच नावं परत भरावी लागणार नाहीत.

जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर आणखी एक गंमत होते. डेव्हटूल्स दर १ सेकंदाला फोल्डर तपासतं आणि ४०० मिलिसेकंद काही हललं नाही की रीस्टार्ट करतं. डिस्क हळू असली, की अर्धे क्लास लिहून झालेले असताना रीस्टार्ट सुटतं आणि 'नो क्लास डेफ फाउंड' येतं. एवीतेवी मे महिन्यात ४५ डिग्रीला प्रोसेसर स्वतःच दम खातो. अ‍ॅप्लिकेशन प्रॉपर्टीजमध्ये पोल इंटरव्हल ३ सेकंद आणि क्वाएट पीरियड २ सेकंद करा. क्वाएट पीरियड पोल इंटरव्हलपेक्षा कमीच हवा.

'अमुक क्लास अमुकमध्ये कास्ट होत नाही' असा एरर आला आणि दोन्ही नावं सारखीच दिसली, तर डोकं धरू नका. तोच क्लास दोन लोडरांनी वेगवेगळा लोड केलाय. तुमच्याच दुसऱ्या मॉड्यूलची जार मेव्हनच्या (जार आणून प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाच्या) साठ्यातून येत असते तेव्हा बहुधा असं होतं. ते मॉड्यूल आयडीईत प्रोजेक्ट म्हणून उघडा.

रीस्टार्टही नको असेल तर हॉटस्वॅप, म्हणजे चालू प्रोग्राममध्येच कोड बदलणं. ही सोय जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनात) २००२ च्या जावा १.४ पासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. अ‍ॅप डीबगमध्ये चालवा, एवढंच. पण मर्यादा कडक आहे: फक्त मेथडच्या आतला मजकूर बदलता येतो. समजा कापूस खरेदीच्या काटापट्टीचा प्रोग्राम आहे. ओलाव्याची कपात ८ टक्क्यांच्या वर सुरू होते, ते सूत्र मेथडच्या आत बदललंत तर पुढच्या पट्टीपासून नवा हिशेब लागतो. त्याच क्लासमध्ये 'हमाली' नावाचं नवं फील्ड टाकलंत की हॉटस्वॅप हात वर करतो. फील्ड आणि मेथड वाढवायच्या असतील तर जेटब्रेन्स रनटाइम (इंटेलिजेवाल्या कंपनीची जेव्हीएम) १७ किंवा २१ वापरा आणि त्यात 'अलाऊ एन्हान्स्ड क्लास रीडेफिनिशन' हा पर्याय चालू करा. स्प्रिंगलाही बदल कळायला हवा असेल तर जोडीला हॉटस्वॅप एजंट नावाचं वेगळं साधन लागतं. एकट्यानं शिकत असाल तर इतक्यात त्यात पडू नका, डेव्हटूल्स पुरे.

मेमरीकडे मात्र लक्ष असू द्या. काही न सांगितल्यास जेव्हीएम हीपची (प्रोग्रामचा डेटा राहतो त्या मेमरीची) कमाल मर्यादा रॅमच्या पावभाग धरते, म्हणजे ४ जीबीत १ जीबी. शिकण्याच्या प्रोजेक्टला ५१२ एमबी लावून बघा. बऱ्याच रीस्टार्टनंतर मेटास्पेस (क्लासांची माहिती राहते ती मेमरी) भरली, तर तुम्ही सुरू केलेला एखादा थ्रेड जुन्या क्लासलोडरला धरून बसला असेल. थ्रेड पूल 'प्री-डिस्ट्रॉय'मध्ये (अ‍ॅप बंद होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) बंद करा.

गावात रेंज असते तेव्हाच मेव्हनचं 'गो-ऑफलाइन' (लागणाऱ्या जार आधीच उतरवून ठेवणारी आज्ञा) चालवून घ्या आणि लगेच एक पूर्ण बिल्डही करा, कारण काही प्लगइन 'गो-ऑफलाइन'मधून सुटतात. मग मेव्हन ऑफलाइन मोडमध्ये चालवा. रेंज गेली तरी काम अडत नाही.

डेव्हटूल्स पॉम फाईलमध्ये (मेव्हनला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) 'ऑप्शनल' म्हणूनच टाका. कापसाचा तो प्रोग्राम वापरणाऱ्या जिनिंगवाल्याला द्यायची जार स्प्रिंग बूटच्या मेव्हन प्लगइननं बांधली की ते आपोआप बाहेर राहतं. त्याच्याकडचा बदल मात्र नवी जार देऊन, सर्व्हर बंद करूनच करायचा.