आमची वाटचाल: रंगीत खड्यांपासून मोकळ्या तळापर्यंत, आणि थोडं मागे

पुढच्या खोलीत माशांच्या सजवलेल्या टाक्या, मागच्या खोलीत मोकळ्या, म्हणजे खडे-रेती नसलेल्या तळाच्या: फोंड्यातल्या आमच्या दुकानाची ही आजची मांडणी. सुरुवातीला सगळ्या टाक्या एकाच साच्यातल्या होत्या. तळाला अंडरग्रॅव्हल फिल्टरची जाळी, तिच्यावर दोन इंच निळे-लाल खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि बुडबुडे सोडणारा शिंपला. गिऱ्हाइकाला फिशटँक म्हणजे तेच हवं असायचं, आणि आम्हीही तेच विकायचो.

दोन फूट बाय एक फुटाच्या टाकीत दोन इंचांचा थर द्यायला साधारण 14 किलो खडे लागतात. जाळीखालून हवा पाणी ओढते, खड्यांवरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम तो थर छान करतो, यात वाद नाही. पण गाळही त्याच थरात ओढला जातो आणि जाळीखाली साचून राहतो. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं आणि चार तास वीज गेली, की पाण्याचा प्रवाह थांबतो, थरातला प्राणवायू संपतो आणि तो गाळ कुजायला लागतो. वीज आल्यावर पंप तेच पाणी वर फेकतो. मासे वरच्या थराला येऊन तोंडं मारू लागतात ते त्यानंतर.

दुसरी अडचण पांढऱ्या ठिपक्यांची. या रोगाचा परजीवी माशाच्या अंगावर वाढतो, मग सुटून तळाशी बसतो, कवच करून आत शेकड्यांनी वाटला जातो आणि पिल्लं पुन्हा मासा शोधत निघतात. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर. खड्यांच्या फटीत बसलेलं कवच तळ ओढायच्या सायफनच्या नळीला सापडत नाही. मोकळ्या काचेवर मात्र रोज तळ पुसून ओढला तर बरीच कवचं औषधाशिवायच बाहेर जातात. गोव्यातल्या 28-30 अंशांच्या पाण्यात हे चक्र तीन-चार दिवसांत फिरतं, म्हणून तळ रोज ओढायचा. एक दिवसाआड करून भागत नाही.

म्हणून नव्या मालासाठी आधी मागची खोली मोकळी केली. तिथल्या टाकीत एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, बाकी काही नाही. मासा तिथे किमान 14 दिवस राहतो. मासे येतात ती पिशवी 20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची आणि उघडल्यावर मासे लगेच जाळीने उचलून टाकीत सोडायचे, पिशवीतलं पाणी बाहेर. थेंब-थेंब पाणी मिसळत तासभर बसणं लांबच्या मालाला घातक ठरतं: बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

स्पंज टाकीच्या एका कोपऱ्यात ठेवायचा. त्याच्या प्रवाहाने विष्ठा समोरच्या कोपऱ्यात गोळा होते, आणि 70 लिटरच्या टाकीतून 10 लिटर काढताना सगळी घाण निघते. पाच मिनिटांचं काम. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही, कारण क्लोरीन स्पंजमधले जिवाणू मारतो. फोंड्याच्या नळाला ओपा प्रकल्पाचं, म्हणजे खांडेपार नदीचं पाणी येतं. भर पावसात क्लोरीनचा वास आला की हायपोचे (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारे) खडे हवेतच. 100 लिटर पाण्यातला लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन काढायला 0.7 ग्रॅम पुरतं.

हे जमल्यावर उत्साहाच्या भरात पुढच्या टाक्याही मोकळ्या केल्या. तिथे चूक झाली. आपल्याकडे टाकीखाली थर्मोकोल घालतात. खडे काढल्यावर तो पांढराशुभ्र थर्मोकोल काचेतून दिसायला लागला. मासा तळाच्या रंगाप्रमाणे आपला रंग फिका करतो, शिवाय खालून उजेड आला की बिथरतो. टेट्रा फिकट, एंजल कोपऱ्यात. गिऱ्हाईक विचारायचं, "मासे आजारी आहेत काय हो?" त्यावर उपाय स्वस्तातला निघाला: तळाच्या काचेला बाहेरून काळा विनाइल स्टिकर. चार्ट पेपर लावू नये, आठवड्यात ओला होऊन फुगतो.

मोकळ्या टाकीचा आणखी एक धोका आम्हाला उशिरा कळला, आणि तो आपल्याकडच्या पाण्याचा आहे. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. पाण्यात ते झेलणारे क्षार नसतील तर पीएच घसरत जातो आणि 6 च्या खाली जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. पाणी दिसायला आरशासारखं, आणि अमोनिया वाढत चाललेला. आमचा उपाय स्वयंपाकघरातला: तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, कुटून जाळीच्या पुरचुंडीत बांधायच्या आणि फिल्टरच्या प्रवाहात ठेवायच्या. 70 लिटरला एक मूठ. पाणी आम्ल झालं तरच शिंपली विरघळते, म्हणून मात्रा सहसा चुकत नाही. मऊ पाण्याच्या टेट्राच्या टाकीत मात्र शिंपल्यांची आरास नको. आणि पोवळी मागू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

पुढच्या खोलीत मग परत सजावट आणली, पण वेगळी. तळाला नदीची चाळलेली रेती, जेमतेम एक सेंटीमीटर. बादलीतलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेली. थर पातळ असला की आत कुजायला जागा राहत नाही आणि विष्ठा वरच दिसते. समुद्राची रेती फुकट मिळते, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो: चमचाभर रेतीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर वापरू नका. झाडं रेतीत लावत नाही. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधतो, त्यांचा कंद मातीत पुरला तर सडतो. बाकीची छोट्या कुंड्यांत, म्हणजे साफसफाईला कुंडी उचलून बाजूला ठेवता येते. वाळलेलं बदामाचं पान 50 लिटरला एक. पाणी चहासारखं होतं आणि बिथरलेला मासा शांत होतो. परसातलं बदामाचं झाड असताना हे पान पाकिटातून विकत घेण्यात अर्थ नाही, आम्ही ते विकतही नाही.

कोणी विचारलं की कुठली टाकी चांगली, तर आम्ही आधी मासा विचारतो. कॉरिडोरास मिशांनी तळ चाळून खातो. त्याला रेती हवीच, धारदार खड्यांनी मिशा झिजतात. गोल्डफिशला वाटाण्याएवढे खडे देऊ नका, तोंडात अडकतात. ऑस्कर सगळं उकरून टाकतो आणि खूप घाण करतो, तेव्हा त्याला आणि फ्लॉवरहॉर्नला मोकळा तळच बरा. एंजलची पिल्लंही मोकळ्यावरच वाढवतो, कारण न खाल्लेला आर्टेमिया (पिल्लांना घालायचे कोळंबीसारखे बारीक जीव) तळाशी दिसतो आणि लगेच ओढता येतो.

जून ते सप्टेंबर बॅटरीवरचा एअर पंप प्रत्येक टाकीमागे जोडलेला ठेवा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर बंद डब्यात बसणारा) दोन-तीन तास बंद पडला असेल तर वीज आल्या आल्या सुरू करू नका. आधी उघडा, आतलं पाणी ओतून द्या, मग लावा.