चहाच्या सुट्टीचं ट्रेनिंग

परवा एका साखरपुड्यात ओळखीच्या काकूंनी विचारलं, "सध्या काय चाललंय तुझं?" म्हटलं, "बोल्ट भरते. त्याआधी हॉटेलात नॅपकिनच्या घड्या घालत होते." काकू जरा चपापल्या. माझं बरं चाललेलं नाही असं वाटून त्यांनी माझ्या ताटात एक जिलबी जास्त वाढायला लावली.

मी बौद्धिक दिव्यांग मुलांची जॉब कोच आहे. ज्याला नोकरीवर लावायचं, त्याचं काम आधी मला यावं लागतं, म्हणून कंपनीत जाऊन आठवडाभर मी स्वतः ते करते. मग तो मुलगा किंवा मुलगी येते, मी शेजारी बसते, आणि हळूहळू तिथून उठते. उठणं हेच खरं काम. पहिले काही दिवस शेजारच्या स्टुलावर, मग मागच्या, मग कँटीनमध्ये, मग गेटवर वॉचमनपाशी. गेटवर बसून मी आत्तापर्यंत चार स्वेटर विणलेत.

त्याआधी 22 वर्षं मी विशेष शाळेत शिकवत होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं अठरा वर्षांवरच्या मुलांच्या कार्यशाळेत. पाटीवर 'मतिमंद मुलांची' असं होतं, आता 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतात. पाटी बदलली, आतलं टाइमटेबल नाही. जून-जुलैत राख्या, ऑगस्टपासून पणत्या रंगवणं, दिवाळीनंतर कागदी पिशव्या, आणि काहीच नसेल तेव्हा फिनेल. अठरा वर्षांचा मुलगा यायचा आणि त्याच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायचे, तरी रजिस्टरमध्ये तो 'प्रशिक्षणार्थी'च. दिवाळीच्या प्रदर्शनात लोक पणती उचलून म्हणायचे, "अय्या, यांनी केलंय?" आणि दोन डझन घ्यायचे. मीही त्या स्टॉलमागे उभी राहून हसायचे, म्हणजे दोष फक्त दुसऱ्यांना देत नाहीये. पण वीस वर्षं ट्रेनिंग? इतक्या वर्षांत माणूस एमबीबीएस, एमडी करून दवाखाना थाटून बसतो.

आमच्या मुलांना शिकता येत नाही म्हणून हे असं, हा समज तर केव्हाच खोटा पडलाय. डिप्लोमाला आम्हाला मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन माणसाबद्दल शिकवलं होतं. 1970 च्या दशकात त्याने, ज्यांना काही येणार नाही असं सगळे धरून चालले होते, त्यांना सायकलचा ब्रेक सुटे भाग जोडून तयार करायला शिकवलं. काम बारीक तोडायचं, एकेक तुकडा हाताला बसवायचा. परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं आणि नोकरीला लागल्यावर वीस वर्षं पणत्या रंगवून घेतल्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पालक हमखास विचारतात, "सरकारी कोटा असतो ना?" 1995 च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा होत्या, त्या अंध, कर्णबधिर आणि हातापायाने अपंग असलेल्यांना. बौद्धिक दिव्यांगांचं नाव व्याख्येत होतं, जागांमध्ये नव्हतं. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 7 चे 21 प्रकार केले, 3 चे 4 टक्के केले, आणि त्या चौथ्या टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांग एवढे सगळे एकत्र बसवले. एका बाकड्यावर पाच जण. वर त्या जागा भरतात परीक्षेने, आणि माझ्या मुलांमधले निम्मे स्वतःचं नाव सोडून काही लिहीत नाहीत. म्हणून मी एमआयडीसीत फिरते.

तर कंडक्टर. त्याचं खरं नाव लिहीत नाही. पीएमपीच्या निगडीवरून सुटणाऱ्या सगळ्या बसचे थांबे त्याला ओळीने पाठ, म्हणून कार्यशाळेत सगळे त्याला कंडक्टर म्हणायचे. वय 26. सहापर्यंत नीट मोजतो, पुढे सात-नऊ-बारा असं काहीही. 2023 च्या मार्चमध्ये भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात त्याला पॅकिंगला घेतलं. दहा बोल्ट, दहा वायसर, दहा नट, झिपच्या पिशवीत, वर लेबल.

मालक सुरुवातीला म्हणाले, "मॅडम, दोन-तीन हजार हातखर्चाला देऊ की. त्याला पैशातलं काय कळतं?" मी म्हटलं, "सर, तुम्हाला कळतं ना, तेवढं पुरे." बाकी पॅकिंगवाल्यांना जे मिळतं तेच, यावर गाडी तीन आठवडे अडली. मग मी त्यांना दिव्यांग कामगाराचा मालकाच्या वाट्याचा पीएफ पहिली तीन वर्षं केंद्र सरकार भरतं त्या योजनेबद्दल सांगितलं. 2008 पासूनची आहे. मी ज्या ज्या मालकांना भेटले त्यातल्या एकालाही माहीत नव्हती.

मोजणीचं उत्तर कारखान्यातच सापडलं. मेंटेनन्सच्या मामांनी लाकडाचा एक पाट केला, त्याला दहा भोकं. भोकात बोल्ट उभा करायचा, वर वायसर, वर नट दोन फेरे फिरवायचा. भोक रिकामं दिसतंय म्हणजे दहा झाले नाहीत. मोजायचं कुणी नाही, बघायचं फक्त. घरी बसून मी कामाच्या नऊ पायऱ्या लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात तेवीस निघाल्या. सगळ्यात अवघड पायरी माझ्या यादीत नव्हतीच: झिपच्या पिशवीचं तोंड उघडणं. प्लॅस्टिक प्लॅस्टिकला चिकटतं. तो बोटाला थुंकी लावायचा, आणि सुपरवायझर "ईऽऽ" करून लांब व्हायचा. मग बँकेत कॅशियर नोटा मोजताना ओल्या स्पंजची डबी ठेवतो, तसली पंधरा रुपयांची डबी आणली. ती डबी नसती तर नोकरी टिकली असती की गेली असती, सांगता येत नाही.

पण खरी गंमत पुढेच. तिसऱ्या आठवड्यात तो खाली मान घालून दिवसाला शेजारच्या मुलीइतक्याच पिशव्या भरत होता, आणि तरी सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, जमेल असं वाटत नाही." कामाची तक्रार? नाही. मग? सव्वादहाला चहा येतो. सगळे उठतात. कंडक्टर उठायचा नाही, कारण उठा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा बायकांनी बोलावलं तर उठला, कपातला चहा उभ्याउभ्या एका घोटात प्यायला आणि रिकामा कप बोल्टच्या क्रेटमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी एका काकूंना वीस मिनिटं निगडी ते कात्रजचे थांबे ऐकवले. तिसऱ्या दिवशी त्या काकू दुसरीकडे बसायला गेल्या.

माझा इतक्या वर्षांचा हिशोब असा आहे की आमच्या मुलांची नोकरी मशिनवर जात नाही, चहाच्या सुट्टीत जाते. डबा खाताना, संडासाच्या रांगेत, कुणीतरी चेष्टेत "काय रे, लग्न कधी?" विचारल्यावर. कार्यशाळेत आम्ही हात शिकवतो. ही पंधरा मिनिटं आम्ही शिकवलीच नव्हती, आणि पणत्यांच्या टेबलावर ती शिकवताही आली नसती, कारण तिथे सगळे आपलेच.

म्हणून दोन आठवडे चहाचं ट्रेनिंग. बेल झाली की उठ. कप ट्रेमध्ये. बसायची जागा ठरलेली. समोरच्याला एक प्रश्न विचारायचा, "डब्यात काय आणलंय?" त्याचं उत्तर संपेपर्यंत थांबायचं. बसचे थांबे रोज एकाच गाडीचे, तेही कुणी विचारलं तर. हा शेवटचा नियम त्याला जड गेला. उलट बाजूचंही शिकवलं. बायकांना सांगितलं, तो बोलत सुटला तर उठून जाऊ नका, सरळ सांगा, "बास, आता उद्या." त्यांना ते उर्मट वाटत होतं. त्या उठून गेल्या की तो दिवसभर काकूंना काय झालं हे मला विचारायचा, हे कळल्यावर त्या म्हणायला लागल्या. आता रोज कुणीतरी विचारतं, "कंडक्टर, आज कुठली गाडी?"

मध्ये एक भानगड झाली. तो दहा भोकांचा पाट बाकीच्यांना इतका आवडला (मोजण्यात त्यांच्याही चुका व्हायच्या, पण बोलायचं कुणी) की एका सकाळी सुपरवायझरने तो दुसऱ्या टेबलावर नेला. कंडक्टर आला, पाट नाही. तो दोन तास जागेवर उभा. बोलेना, बसेना. मला फोन. मी पोचेपर्यंत मामांनी फळी कापायला घेतलीच होती. नवा पाट आला, पण त्याला जुनाच हवा होता. शेवटी जुना परत आणून मागे मार्करने बस काढली, तेव्हा बसला.

प्रवासाचं ट्रेनिंग वेगळंच. पहिल्या दिवशी बसमध्ये शेजारी, मग दोन सीट मागे, मग पुढच्या दाराशी, मग मी स्कूटरवरून बसच्या मागे. धूर किती खाल्ला विचारू नका. मे अखेर तो एकटा जायला लागला. आणि जूनमध्ये तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे निघाली. जुना हायवे बंद, बस आतल्या रस्त्याने वळवलेल्या. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पिंपरी-चिंचवडमध्ये जन्म गेला आणि पालखी विसरले! साडेनऊला एका खऱ्या कंडक्टरचा फोन आला, याच्या गळ्यातल्या कार्डावरचा माझा नंबर बघून. मी थरथरत विचारलं, "चुकला का हो?" मागून याचाच आवाज आला, "मी नाही चुकलो. बस चुकली."

त्याची आई मात्र सुरुवातीला तयारच नव्हती, आणि लोक समजतात त्या कारणासाठी नाही. त्यांनी मला स्वच्छ विचारलं, "ताई, पगार सुरू झाला की संजय गांधीचे पैसे बंद होणार. बरं, होऊ देत. पण सहा महिन्यांनी कंपनीने काढलं, तर ते परत चालू करायला तहसीलला खेटे कोण घालणार? तुम्ही?" संजय गांधी निराधार योजनेची रक्कम पगाराच्या मानाने काहीच नाही, पण घरी बसलं तर ती चालू राहते, नोकरी मात्र कधीही जाऊ शकते. दाखला, उत्पन्नाचा पुरावा, समितीची बैठक, हे सगळं त्यांनी एकदा केलेलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "हो, मी येईन." अजून वेळ आली नाही, पण दोन घरांनी याच एका कारणावर लागलेली नोकरी नाकारली, आणि मी त्यांना नावं ठेवू शकत नाही.

पगाराचं खातं काढतानाही हेच. अठराच्या पुढचा मुलगा, तर बँकेने कायदेशीर पालकत्वाचा दाखला मागितला. नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली तो मिळतो, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. मिळेपर्यंत एप्रिलचा पगार पाकिटात रोख. कंडक्टरने पाकीट उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते तसंच काढून पुढे केलं आणि म्हणाला, "एक भोसरी." त्याच्याकडे दिव्यांगांचा पास आहे, तिकीट लागत नाही. बसच्या कंडक्टरने दोनदा सांगितलं. मी मागच्या सीटवरून खूण केली, फाडा. अजूनही महिन्याच्या पहिल्या दिवशी तो तिकीट काढतो.

आता तळवड्याला एका मुलीला लावायचंय, मसाल्याची पाकिटं सील करायला. हात सफाईदार आहे, मशिनला घाबरत नाही. अडलंय बाथरूमच्या कडीवर. कडी वर, जाम, आणि एकदा आत अडकली तेव्हापासून ती दिवसभर पाणी पीत नाही. मालकांना दोनदा सांगून झालं. उद्या सकाळी जाताना चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक सरकती कडी आणि चार स्क्रू घेऊन जाणार आहे. पेचकस पर्समध्ये असतोच.