डावीकडची खिडकी

नागपूर, रविवार रात्र

पुण्याहून नागपूरला उडताना खिडकी घ्यायची तर डावीकडचीच, हे नकाशावर पट्टी ठेवून आधीच ठरवलं होतं. जायकवाडी आणि लोणार, दोन्ही त्याच बाजूला. ट्रेकचं जुनं गार्मिन, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा सांगणारं जीपीएस यंत्र, खिशात होतंच. बेल्टचा दिवा विझल्यावर केबिन क्रूमधल्या मुलीला ते दाखवून रीतसर विचारलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, "सिम नाही ना यात?" म्हणाली आणि पुढे गेली. शेजारचे काका मात्र सावरून बसले. म्हटलं, काका, हे रेडिओसारखं नुसतं ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही. (उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं वेगळी. ती भारतात परवान्याशिवाय बाळगलीत तर विमानतळावरच पोलिसांशी गाठ.)

काचेला चिकटवून धरलं तरी त्याला अर्धंच आकाश मिळतं, बाकीचं विमानाच्या पत्र्याआड. २० हजार किलोमीटरवरचे चार उपग्रह जमेपर्यंत नगर मागे पडलं होतं. मग एकदम आकडे आले. वेग ताशी ८८० किलोमीटर.

खरी गंमत उंचीची. उपग्रहांच्या हिशेबाने १०,१०० मीटर आणि त्याच यंत्रातला वायुदाबमापी म्हणतोय १,९५०. दोन्ही बरोबर! केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते, जमिनीइतकी नाही, पण डोंगरमाथ्यावर असते तेवढी. म्हणजे विमान एव्हरेस्टच्याही वर, आणि आम्ही आत कळसूबाईपेक्षा (१,६४६) जेमतेम तीनशे मीटर उंच, चहा पीत. हे ऐकून काकांनी वेफर्सचं पाकीट पुढे केलं. "म्हणून हे असं टम्म फुगलंय होय?"

अगदी म्हणूनच.

लोणार यंत्रात आधीच टाकून ठेवलं होतं. अंतर उतरत उतरत १४ किलोमीटरवर आलं, तिथे घुटमळलं आणि वाढायला लागलं. तेव्हा खाली पाहिलं. पंखाच्या मागे हिरवट गोल! काठावर उभं राहून मान वळवावी लागते असं पावणेदोन किलोमीटरचं विवर, हात लांब करून तीन बोटं धरली की झाकलं जात होतं. काकांना दाखवेपर्यंत मागे गेलं.

वर्ध्याच्या आसपास उतरायची घोषणा झाली. यंत्र बंद.

परतीचं विमान रात्रीचं आहे. उजवीकडच्या खिडकीसाठी जादा पैसे मागतायत, ते भरावेत की नाही, अजून ठरत नाहीये.