बिडाची शेगडी आणि तुंबलेला पाइप

पाचगणीच्या एका कौलारू बंगल्यातून फोन आला, "शेगडी बिघडलीय, दार उघडलं की सगळा धूर खोलीत." खोली ऊबदार ठेवणारी, लाकडावर चालणारी, काचेच्या दाराची बिडाची शेगडी. तिच्यात बिघडण्यासारखं असतं किती? दाराची फट बुजवणारी दोरी, खालची जाळी, वरची आडपट्टी. धूर मागं फिरतो तो बहुतेक वेळा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपामुळं, आणि पाइप तुंबतो लाकडामुळं. म्हणून वाईहून घाट चढताना ब्रशाबरोबर लाकडातली ओल मोजायचं मीटरही घेतलं.

शेगडी आदल्या रात्रीपासून विझवून ठेवायला सांगितलं होतं. पाइपावर पान्ह्यानं वाजवत वर गेलो. खाली खणखणीत, छताजवळ बद्द. सांध्यांवर काळे ओघळ. वरच्या पाइपाचं तोंड खालच्याच्या आत बसवायचं असतं, म्हणजे धुरातून साचलेलं डांबर आतल्या आत शेगडीत उतरतं. इथं बसवणाऱ्यानं नेमकं उलटं केलेलं.

वरचा तुकडा उतरवला. सहा इंची पाइपात जेमतेम दोन इंचांचं भोक उरलेलं. काजळी भुसभुशीत असती तर ब्रशानं निघाली असती. ही काचेसारखी चकचकीत, कडक. ब्रश नुसता घसरतो. जाळून साफ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, पाइपातली आग छतापर्यंत पोचते.

"रात्री हवेची खिटी कुठं ठेवता?"

"पूर्ण बंद. सकाळपर्यंत निखारे राहतात ना," काका म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "आणि सकाळी माझं डोकं धरलेलं असतं."

खिटी बंद केली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. धूर साधारण १२० अंशांखाली गेला की त्यातलं डांबर पाइपाला चिकटतं. डोकेदुखीमागं कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्या खोलीत आधी अलार्म बसवायला सांगितला, बाकीचं नंतर.

लाकूड सिल्व्हर ओकचं, पावसानंतर तोडलेलं, ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेलं. ओंडका फोडून ताज्या फाकेत मीटर टोचलं: ३३ टक्के. मीटर पाणी मोजतं ते सुक्या लाकडाच्या तुलनेत, म्हणजे किलोभर ओल्या लाकडात पाव किलो पाणी. आकडा २० च्या खाली हवा. ढीग विटांवर रचायचा, ताडपत्री फक्त डोक्यावर, बाजू वाऱ्याला मोकळ्या.

खरा घाम फुटला तो कौलं काढल्यावर. पाइपापासून तीन इंचांवर सागवानी वासा, आणि त्याची पाइपाकडची बाजू कोळशासारखी काळी. खिळ्यानं खरवडलं तर भुगा पडला. एकेरी पत्र्याचा पाइप आणि लाकूड यांत पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे इथं दीड फूट अंतर लागतं. रोज भाजलेलं लाकूड पुढं कमी उष्णतेलाही पेट घेतं. त्या पाइपात काजळी पेटली असती तर वाशाला वेळ लागला नसता.

वासा कापून आडवी तुळई दिली आणि छतातून जाणारा भाग दुहेरी, मधे रॉकवुल म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर भरलेला घेतला. काका किमतीवर अडले. शेगडीला मागतील तेवढे देतात आणि पाइपाला घासाघीस, हे नेहमीचंच. टोक आढ्याच्या वर दोन फूट काढलं. टोपीची बारीक जाळी काजळीनं बुजली होती, ती काढून रुंद भोकांची बसवली.

शेगडीत इंचभर राख ठेवून खाली वाळल्या बाभळीच्या फाका, वर ढलप्या रचल्या आणि वरून पेटवलं. दार फटभर उघडून अगरबत्ती धरली. धूर सरळ आत गेला.